औषधं पाठ होत नाहीत, मग सही कशी करू?

पत्र लिहिणाऱ्या ताई अनुभवी परिचारिका आहेत. मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत दीड दशकाहून अधिक काळ काम केल्यावर त्यांनी अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला. काही आठवड्यांत त्यांना स्वतःच्या सहीने औषधं लिहिता येतील. सुरुवातीला एका वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली. परीक्षेत गुण चांगले मिळाले, पण रुग्णासमोर बसलं की औषधशास्त्र डोक्यातून पुसलं जातं, असं त्या लिहितात. पुस्तक किंवा मोबाइल उघडून पाहावं, तर रुग्णाचा विश्वास उडेल ही धास्ती. सहकारीही टोमणे मारतात. त्यातच सरावादरम्यान पायांना सूज आलेल्या, नऊ औषधं चालू असलेल्या एका वृद्ध बाईंसाठी त्यांनी लघवी वाढवणारी गोळी सुचवली. वरिष्ठांनी विचारलं, "यांच्या आधीच्या गोळ्यांपैकी कशाने सूज येते?" ताईंना उत्तर देता आलं नाही. गोळी दिली गेली नाही, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली आहे. त्यांचा प्रश्न असा: हा अधिकार नाकारून पुन्हा बेडसाइडलाच राहावं, की आणखी एक वर्ष मागून सगळं नीट पाठ करावं?

प्रिय ताई,

थेट विचारलंत, म्हणून थेट उत्तर आधी देते. अधिकार नाकारू नका आणि पाठांतरासाठी वर्षाची मुदतही मागू नका. तुम्हाला भीती वाटते, हे मला चांगलं लक्षण वाटतं. फक्त ती चुकीच्या जागी बसली आहे. तुम्ही विसरण्याला घाबरताय. मी परिचारिकांना औषधशास्त्र शिकवते आणि माझ्या पाहण्यात अपाय होतो तो बहुतेक वेळा न विचारल्यामुळे. किडनी कशी चालते हे विचारलेलं नसतं, आणखी काय घेता हे विचारलेलं नसतं, आणि औषध सुरू केल्यावर पुढे काय झालं हेही कुणी विचारलेलं नसतं.

सगळी औषधं पाठ असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये औषध कसं लिहावं याची एक मार्गदर्शिका काढली, मुख्यतः वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी. आपल्याकडे वारंवार येणाऱ्या प्रत्येक तक्रारीसाठी आपलं नेहमीचं औषध आधीच, शांतपणे बसून निवडून ठेवा, असं ती सांगते. निवडताना चार गोष्टी पाहायच्या: गुण येतो का, सुरक्षित आहे का, रुग्णाला घेता येईल का आणि खर्च किती. मग रुग्ण समोर आला की नव्याने आठवत बसायचं नाही. आपलं हे ठरलेलं औषध या माणसाला चालेल का, एवढंच तपासायचं. त्या मार्गदर्शिकेत सहा पायऱ्या आहेत आणि शेवटची पायरी आहे परिणाम पाहण्याची आणि गरज पडल्यास थांबवण्याची. अभ्यासक्रमात ही पायरी घाईघाईत उरकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. कधी तपासायचं आणि कधी थांबवायचं हे ठरलेलं नसेल, तर माझ्या लेखी ते प्रिस्क्रिप्शन अर्धवटच आहे.

तेव्हा शंभर औषधांच्या याद्या बाजूला ठेवा. तुमच्या विभागात रोज लागणारी वीस-पंचवीस औषधं घ्या आणि ती आतून-बाहेरून समजून घ्या. म्हणजे नेमकं काय, ते डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावरून सांगते, कारण त्याच्या पातळीसाठी तुम्ही कितीतरी वेळा रक्त काढलं असेल. किडनी ठीक असेल तर डिगॉक्सिनची हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण दीड ते दोन दिवसांची. कोणत्याही औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायला चार-पाच हाफ-लाइफ लागतात. याचा अर्थ डोस बदलल्यावर जवळपास आठवडाभर खरी पातळी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी आलेला आकडा पाहून डोस आणखी वाढवला तर आपण रुग्णाला विषबाधेकडे ढकलतो. किडनी फारच खराब असेल तर हाच आठवडा दोन-तीन आठवड्यांचा होतो. आणि रक्त डोसनंतर किमान सहा तासांनी काढायचं, कारण त्याआधी औषध रक्तातून पेशींमध्ये नीट पसरलेलं नसतं. बघा, यातलं पाठ करण्यासारखं थोडंच आहे. औषध शरीरातून कुठून बाहेर पडतं, किती वेळ राहतं, त्याच वाटेने आणखी कोणतं औषध जातं, आणि बिघडलं तर सगळ्यात आधी काय दिसेल, या चार प्रश्नांची उत्तरं आली की डोस आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतो. अर्थ लागलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

आता पुस्तक उघडण्याबद्दल. एक आठवून पाहा: इन्सुलिनचा किंवा हेपॅरिनचा डोस भरताना तुम्ही शेजारच्या सिस्टरला हाक मारून सिरिंज दाखवली आहे ना? त्या वेळी कुणी म्हटलं का, "यांना येत नाही"? उलट, न दाखवता देणारीकडेच सगळे संशयाने पाहतात. मग सही तुमची झाली की ही सवय कमीपणाची कशी होईल? रुग्णासमोर चोरून पाहू नका, उघड पाहा आणि तोंडाने सांगा: "तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी हे जमतं का, ते एकदा बघून घेते." हे वाक्य ऐकून विश्वास उडालेला रुग्ण मला आठवत नाही. लहान मुलांचा डोस, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, किडनी-लिव्हरचा त्रास आणि तुम्ही क्वचित लिहिता असं कोणतंही औषध, या ठिकाणी तर आठवत असलं तरी पाहावंच. टोमणे मारणाऱ्यांना उत्तर देण्यात शक्ती घालवू नका.

तरीही थोडं पाठ करावंच लागतं. संगणक इतक्या सूचना दाखवतो की माणूस न वाचताच त्या बंद करायला लागतो, म्हणून जीव घेणाऱ्या जोड्या तरी डोक्यात पक्क्या हव्यात. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्याला कोट्रायमोक्सॅझोल किंवा मेट्रोनिडॅझोल ही प्रतिजैविकं दिली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) चढतो आणि रक्तस्राव होतो. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक दिलं की पोटॅशियम वाढतं. एसीई इनहिबिटर, लघवी वाढवणारी गोळी आणि आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की किडनी अचानक बसू शकते; उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर धोका आणखी वाढतो. मनाच्या आजारावरच्या लिथियमबरोबरही तीच वेदनाशामकं त्याची पातळी वाढवतात. कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनवर क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिलं तर स्नायू वितळू लागतात. ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) आणि बेन्झोडायझेपिन (डायझेपामसारखी झोपेची औषधं) एकत्र दिली तर श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ मध्ये यासाठी आपला सर्वांत कडक इशारा लागू केला. आणि संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने माणसं गेली आहेत. तिच्या प्रिस्क्रिप्शनवर वाराचं नाव अक्षरात लिहा, कशासाठी दिली ते लिहा आणि रुग्णाकडून तो वार वदवून घ्या.

त्या वृद्ध बाईंकडे येते, कारण तुमच्या पत्राचा खरा भार तिथेच आहे.

त्यांना अ‍ॅम्लोडिपिन किंवा त्याच वर्गातलं रक्तदाबाचं काही औषध चालू होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण वरिष्ठांच्या प्रश्नावरून मला तीच शंका येते. ही औषधं बारीक धमन्या जितक्या सैल करतात तितक्या शिरा करत नाहीत. केशवाहिन्यांमधला दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्यांशी साठतं. शरीरात मीठ-पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. पण गोळी आपलं बाकीचं काम करतेच. पोटॅशियम खाली जातं, रात्री उठावं लागतं, तोल जाऊन पडायची भीती वाढते. यूरिक अ‍ॅसिड चढून पायाचा अंगठा सुजतो, त्यासाठी वेदनाशामक येतं, वेदनाशामकाने रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब पाहून कुणीतरी अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढवतं. डोस वाढला की सूज वाढते. प्रत्येक टप्प्यावर लिहिणारा स्वतःच्या परीने योग्यच वागत असतो, हे मला यातलं सगळ्यात वेदनादायक वाटतं. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात या साखळीला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड असं नाव देऊन ती नीट मांडली: औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवं औषध येतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने हात थरथरू लागले आणि पार्किन्सनची गोळी सुरू झाली, हाही त्यातलाच प्रकार.

म्हणून नव्या तक्रारीला सामोरं जाताना पहिला प्रश्न हा: आधीच्या औषधांपैकी कशामुळे हे होत असेल? तारखा विचारा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, सूज कधी दिसली? मात्र उत्तर सापडल्याच्या आनंदात बाकीचं सोडू नका. धाप लागते का, लघवीत प्रथिनं जातात का, लिव्हर कसं आहे, सूज एकाच पायाला तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय औषधावर बोट ठेवायचं नाही. आणि दोष औषधाचाच निघाला तर डोस कमी करणं, दुसऱ्या वर्गातलं औषध देणं किंवा रक्तदाब तेवढाच आटोक्यात ठेवायचा असेल तर एसीई इनहिबिटरची जोड देणं, असे मार्ग असतात. शेवटच्या उपायाने ही सूज बऱ्याचदा कमी होते.

तुमच्या वरिष्ठांनी विचारलेला तो प्रश्न तुम्ही अपमान म्हणून मनात ठेवला आहे, असं पत्र वाचताना वाटलं. माझ्या मते त्यांनी तुम्हाला या कामातला सगळ्यात उपयोगी प्रश्न दिला, आणि तोही रुग्णापर्यंत गोळी पोहोचण्याच्या आधी. देखरेख असते ती याचसाठी. त्या रात्री झोप न येणं मी समजू शकते. पण त्या प्रसंगावरून "मी या कामाला लायक नाही" असा निष्कर्ष काढायला मला काहीच आधार दिसत नाही.

वृद्ध रुग्णांच्या बाबतीत आणखी एक फसवणूक सांगते, कारण आयसीयूत रोज क्रिएटिनिन (स्नायूंतून बनणारा, किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) पाहूनही ती नजरेतून सुटते. ८२ वर्षांची, ४५ किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन डेसिलिटरमागे १.२ मिलिग्रॅम. रिपोर्टवर हा आकडा जवळपास ठीकच दिसतो. आता किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावा. ते १९७६ पासून वापरात आहे. १४० मधून वय वजा करून ५८ आले, त्याला वजनाने गुणून २६१०. खाली ७२ गुणिले १.२ म्हणजे ८६.४. भागाकार साधारण ३० आणि स्त्री असल्याने त्याला ०.८५ ने गुणलं की मिनिटाला २६ मिलिलिटरच्या आसपास. स्नायूच कमी उरल्याने क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि किडनी चांगली असल्याचा भास होतो. हा आकडा ३० च्या खाली गेला की रक्त गोठू न देणाऱ्या एनॉक्सापॅरिनचा उपचाराचा डोस दिवसातून दोनदाऐवजी एकदा होतो, नसांच्या वेदनेवरचं गॅबापेन्टिन आणखी कमी करावं लागतं, डिगॉक्सिनचं तर वर पाहिलंच. काही औषधांची मर्यादा मात्र ईजीएफआरवर (प्रयोगशाळेने दिलेला किडनीच्या कामाचा अंदाज) ठरवलेली असते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन तसं आहे: ३० च्या खाली द्यायचंच नाही, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही. कोणत्या औषधाला कोणता आकडा लागतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहायचं. वजन काट्यावर घ्या; अंदाजाने लिहिलेल्या वजनावर डोस ठरवू नका.

औषधांची विचारपूस करताना "काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की अर्धंच उत्तर मिळतं. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगा. डोळ्यांत घालायचे थेंब लोकांना औषध वाटत नाहीत, पण काचबिंदूवरच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटॅमॉल आणि तापाच्या गोळीतलं पॅरासिटॅमॉल मिळून दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडतात. जडीबुटी, पावडरी, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी, सगळं विचारा आणि रागावून विचारू नका. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे म्हणाले तर नेमकं काय झालं होतं, किती वेळाने आणि किती वर्षांपूर्वी, हे लिहून घ्या. अशी अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना ती नसतेच. ती तपासणी होईपर्यंत मात्र नोंद पुसायची नाही.

लिखाणाचं तुम्हाला काय सांगायचं! युनिटसाठी नुसतं यू लिहिल्याने तो शून्यासारखा दिसून इन्सुलिनचा डोस दसपट झालेला वॉर्डातल्या लोकांना ठाऊक असतो. दशांश चिन्हाआधी शून्य हवा, पूर्णांकानंतर दशांश शून्य नको, मायक्रोग्रॅम पूर्ण लिहायचा. हे तुम्ही इतरांच्या ऑर्डरमध्ये पकडत आलात, आता स्वतःच्या ऑर्डरमध्ये पकडा.

आणि इथेच तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट आहे. मला तिची काळजी जास्त वाटते. इतकी वर्षं डॉक्टरांच्या ऑर्डरमागे तुम्ही उभ्या होतात. आता तुमच्या ऑर्डरमागे कोण उभं राहणार? जी परिचारिका तुमचं औषध देणार आहे, ती कदाचित तुमची जुनी मैत्रीण असेल किंवा तुम्हीच शिकवलेली मुलगी असेल. "ताईंनीच लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार" असं म्हणून ती गप्प बसली, तर एक मोठा अडसर निघून गेला. पहिल्याच दिवशी तिला सांगा की शंका आली तर मला थांबव, मी राउंडला असले तरी थांबव. फार्मासिस्टलाही तेच सांगा. आणि त्यांनी खरंच थांबवलं, तर त्यांची शंका चुकीची निघाली तरी आभार माना. एकदा जरी कपाळाला आठी पडली तरी पुढच्या वेळी कुणी विचारणार नाही. हे तुम्ही स्वतः अनुभवलं असेलच.

बेडसाइडला परतण्याचा पर्याय मी कमी लेखत नाही. ते काम कुणाच्याही खालचं नाही आणि तेच हवंहवंसं वाटत असेल तर जरूर परत जा. भीतीपोटी मात्र जाऊ नका. अधिकार नाकारावा किंवा निदान पुढे ढकलावा, अशी कारणं वेगळी असतात: देखरेख करणारे डॉक्टर फक्त कागदावर असतील, रक्ताचे रिपोर्ट वेळेवर हाती येणार नसतील, तुमच्या प्रशिक्षणाबाहेरच्या रुग्णांसाठी लिहायला सांगत असतील, किंवा न तपासलेल्या रुग्णांच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवर पुढे चालू ठेवण्यासाठी सह्या मागत असतील. शेवटच्या मागणीला ठाम नाही म्हणा. औषध सुरू कुणीही केलेलं असो, सही तुमची असली की जबाबदारी तुमचीच. कायद्याने मिळणारी मुभा देशागणिक वेगळी असते. ब्रिटनमध्ये पात्र परिचारिकांना २००६ पासून जवळपास सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतात, तर अमेरिकेत राज्य बदललं की नियम बदलतो. पण कायदा परवानगी देतो म्हणून प्रत्येक औषध आजच लिहिलं पाहिजे, असं कुठेच नाही.

हाती असलेल्या आठवड्यांत काय करावं? रोज एक औषध घ्या, त्याचं एक पान स्वतःच्या हाताने लिहा आणि वर सांगितलेले चार प्रश्न त्यावर सोडवा. आठवड्यातून एकदा फार्मासिस्टबरोबर बसून एखाद्या बऱ्याच औषधांच्या रुग्णाचा केस पेपर उलटा वाचा: हे औषध कशासाठी, ते कारण अजून उरलंय का, थांबवलं तर काय होईल? औषध थांबवायला शिकणं सुरू करण्याइतकंच मोलाचं आहे. पण बेन्झोडायझेपिन, बीटा ब्लॉकर, बराच काळ चाललेली स्टिरॉइड अशी काही औषधं एकदम बंद करायची नसतात, तीही यातूनच कळतील. अधिकार मिळाल्यावर पहिले काही महिने प्रत्येक नव्या औषधासमोर वहीत दोन ओळी लिहा: कोणता बदल, किती दिवसांत अपेक्षित आहे आणि मी तो कसा तपासणार. एसीई इनहिबिटर सुरू केलं तर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, असं. आणि त्या तारखेला फोन खरोखर करा. रुग्णाचं बदलतं रूप ओळखणारी नजर तुमच्याकडे आधीपासूनच आहे. ती औषधशास्त्राच्या कोणत्याही पेपरात मोजली जात नाही, म्हणून तुम्ही ती हिशेबातच धरली नाहीत.

एक काम या आठवड्यातच उरका. देखरेख करणाऱ्या डॉक्टरांकडे वेळ मागा आणि तीन याद्या लेखी ठरवून घ्या: कोणती औषधं मी एकटीने लिहीन, कोणती विचारून लिहीन आणि कोणती सध्या लिहिणारच नाही. वॉर्फरिन, इन्सुलिनच्या नव्या सुरुवाती, ओपिऑइड, लिथियम, मेथोट्रेक्सेट ही माझ्या मते सुरुवातीला विचारून लिहायच्या यादीत जावीत. रात्री किंवा सुटीच्या दिवशी फोन कुणाला करायचा, तो नंबरही त्याच कागदावर घ्या. आणि तीन महिन्यांनी त्या याद्या पुन्हा पाहण्याची तारीख तिथेच टाकून घ्या.